बारमाही

एरीत नोव्हेंबर कॅलेंडरातून येत नाही,
सरोवरावरून येतो,
आडवा, शिशाच्या रंगाचा.
त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या दुकानात
पाय ठेवायला जागा नसते.

डेसमंड मात्र ऑगस्टपासून येतोय.
गाडी निळी, चार दारांची, वारं प्यालेली.
हातात वही. वहीत तीन टायर, तीन रकाने:
ओल्या रस्त्यावर थांबायला किती फूट,
आवाज किती, किती हजार मैल,
कडेला बर्फाच्या डोंगराचा छाप आहे की नाही.
"वॉन्डा, बारमाही म्हणजे खरंच बारमाही?"

बारमाही विहीर असते, मी म्हटलं.
रबराला ऋतू असतात.
उन्हाळ्यात फार मऊ राहिलं तर झिजतं,
थंडीत कडक झालं तर ओल्या ओट्यावरच्या बशीसारखं सरकतं.
दोन्ही सांभाळायला निघालेलं रबर
म्हणजे लग्नातला दोन्हीकडचा पाहुणा,
खास कुणाचाच नाही,
पण उपाशीही राहत नाही.

पहिल्याला नख लावून बघ. दबलं ना लगेच?
वळणावर हा तुझा शब्द खाली पडू देणार नाही.
पण पीच स्ट्रीटचा चढ, पहाटेचे चार,
मिठाची गाडी अजून यायची आहे,
तेव्हा हा तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही.
तिसरा बर्फात बैल.
कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलंस
की आधी विचार करतो, मग वळतो.
मधल्याबद्दल मला फारसं बोलता येत नाही.
मधल्यांबद्दल कुणाला येतं?

त्याची मुलगी, मारगो, सात वर्षांची,
माझ्या बिलांचे कोरे कागद टायरवर ठेवून
वरून खडू घासत होती.
पहिला उमटला: "मासा."
मधला, हिरव्या खडूत: "मक्याची कणसं."
तिसऱ्यावर बारीक बारीक चिरा इतक्या
की ती जरा थांबली.
"हे कुणीतरी सारखं खोडलंय."

गाडी वर उचलली. जुने चारही उतरवले.
तीन ठीक होते.
डाव्या पुढच्याची बाहेरची कड मात्र
गुळगुळीत, बोट घसरावं अशी.
"उजवीकडे वळणारा रॅम्प," मी म्हटलं.
"एकच. नेहमीचा. आणि जोरात."
तो वहीत बघत राहिला.
मग हळूच म्हणाला, "बफेलो.
रविवारी. हिला हिच्या आईकडे सोडून निघतो तेव्हा."
"आणि शुक्रवारी, आणायला जाताना?"
"तेव्हा जपून जातो."

कंप्रेसर मध्येच सुरू झाला, म्हणून बरं.
त्याच्या वहीत त्या रॅम्पला रकाना नव्हता.
फुटांचे आकडे होते, दशांशासकट,
कुठल्यातरी कोरड्या मैदानावर मोजलेले,
जिथे मागे कुणाचं दार बंद होत नाही.

"मधला," तो म्हणाला. किंमत विचारली नाही.

चार चाकं, वीस नट.
प्रत्येक नट आवळून झाला की पाना कट्ट करतो;
मारगो मोठ्यानं मोजत होती, सतरावर चुकली,
पुन्हा एकपासून.
मग खाली बसून नव्या टायरवरचे
रबराचे केस एकेक उपटायला लागली.
डेसमंड ओरडणार होता. म्हटलं, उपटू दे,
त्यांचा काही उपयोग नसतो,
चाकं फिरली की तसेही जातात.

"पहिले पाचशे मैल हळू," मी बजावलं.
"साच्यातून निघतानाचं तेल
अजून अंगावर असतं."
पाचशे मैल म्हणजे अडीच रविवार, त्यानं हिशोब केला.
आणि शुक्रवार? ते त्यानं धरले नाहीत.

वही काउंटरवरच विसरून गेला.
मार्चपर्यंत ठेवीन.
शेवटच्या पानात घडी घातलेला कागद:
मक्याची कणसं, हिरवी,
आणि एका कोपऱ्यात चिकटलेला
रबराचा एक काळा केस.